तीन स्टार म्हणजे नक्की किती?

फिरून आलो, जेवलो, स्टार दिले, विसरलो. पण आपण दिलेल्या ताऱ्यांचा अर्थ समोरच्याने काय घेतला, हे तुम्ही कधी विचारलंय?

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहा जण नागावला गेलो होतो. नारळ-सुपारीची वाडी, दोन खोल्या, पुढे पडवी आणि स्वयंपाकघरात काकू. सुरमईचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. ताटं अक्षरशः पुसून खाल्ली. घोळ एकच झाला. सकाळी गिझरमधून गरम पाणी येईना, सगळ्यांनी कुडकुडत गार पाण्याने आंघोळी केल्या. परतताना मांडवा जेटीवर बोटीची वाट बघत होतो, तेवढ्यात मोबाइलवर आलं, 'मुक्काम कसा झाला?' मी तीन स्टार दिले. शब्द एकही लिहिला नाही. बोट लागली, विषय संपला.

म्हणजे माझ्यापुरता संपला. चार महिन्यांनी एका असाइनमेंटसाठी पुन्हा नागावला गेले आणि त्याच घरी उतरले. बुकिंग बघणाऱ्या काकूंच्या मुलाने नाव वाचलं आणि म्हणाला, "तीन स्टारवाल्या तुम्हीच ना?" मला कुठे तोंड लपवू झालं. काकू बाहेर आल्या. रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, "काय कमी पडलं गं आमचं?"

मग कळलं ते भारीच होतं. तीन स्टार बघून घरात चर्चा झाली. मुंबईच्या पोरांना कालवण तिखट लागलं असणार, असं काकूंनी ठरवलं. तेव्हापासून पाहुण्यांच्या कालवणात मसाला निम्मा. गिझरबद्दल कुणी बोललंच नव्हतं, त्यामुळे तो तसाच. म्हणजे जे उत्तम होतं ते माझ्यामुळे बिघडलं आणि जे बिघडलं होतं ते तसंच राहिलं!

फर्स्ट क्लास की काठावर पास?

माझं लॉजिक साधं होतं. पाचपैकी तीन म्हणजे ६० टक्के. आपल्या बोर्डात ३५ला पास, ६०ला फर्स्ट क्लास, ७५ला डिस्टिंक्शन. मी तर फर्स्ट क्लास दिला होता! पण अॅपवरची मार्कशीट वेगळ्याच बोर्डाची असते. तिथे बहुतेकांना पाचच मिळतात. त्यामुळे पाच म्हणजे 'काही तक्रार नाही', चार म्हणजे 'काहीतरी खटकलं' आणि तीन म्हणजे थेट नापास.

हे फक्त आपल्याकडचं नाही. नॅन हू, पॉल पावलू आणि जी झांग या अभ्यासकांनी २००९मध्ये ऑनलाइन रेटिंगचा आलेख इंग्रजी 'जे' अक्षरासारखा दिसतो, असं दाखवलं. पाचवाले भरपूर, एकवाले थोडे आणि मधले जवळपास गायब. कारणं दोन. ज्याला वस्तू आवडेल असं वाटतं, तोच ती घेतो. आणि लिहायला बसतो तो एकतर खूश झालेला किंवा भडकलेला. 'ठीक होतं' वाटणारा माणूस बोटीत बसून झोपून जातो.

यूट्यूबवर पूर्वी व्हिडिओला पाच स्टार देता यायचे, आठवतं का? बहुतेकांना पाचच दिले जातायत हे लक्षात आल्यावर २०१०मध्ये कंपनीने ते काढून लाइक-डिसलाइक आणलं. नेटफ्लिक्सनेही २०१७मध्ये स्टार सोडून अंगठा धरला.

तारा एक, अर्थ अनेक

गोंधळ वाढायला अजून एक कारण आहे. 'थ्री-स्टार हॉटेल' हे पाचपैकी तीन मार्क नसतात. आपल्याकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलांचं वर्गीकरण करते आणि त्यात खोल्या, सोयी, सेवा असं सगळं तपासलं जातं. तीन तारे ही तिथे एक कॅटेगरी आहे. मिशेलिन गाइडची तर तऱ्हाच निराळी. १९२६पासून ते चांगल्या रेस्तराँना तारा देऊ लागले. तिथे एक तारा मिळाला तरी शेफचं आयुष्य बदलतं आणि तीनच्या वर काही नसतंच. गंमत म्हणजे त्याच्याही शंभर वर्षं आधी मारियाना स्टार्क ही इंग्रज लेखिका आपल्या प्रवासपुस्तकांत बघण्यासारख्या गोष्टींना उद्गारचिन्हं द्यायची. जितकी चिन्हं जास्त, तितकी गोष्ट भारी.

एकाचा तारा, दहा जणांची भरपाई

आता जरा गणित करू. समजा एखाद्या घरगुती खाणावळीचे नऊ रिव्ह्यू आहेत, आठ जणांचे पाच स्टार आणि एकाचे चार. सरासरी ४.९. दहावे आपण येतो आणि तीन देतो. सरासरी ४.७. ती पुन्हा ४.९ दिसायला लागोपाठ दहा जणांनी पूर्ण पाच द्यावे लागतात. हेच तीन स्टार ९०० रिव्ह्यू असलेल्या रिसॉर्टला दिले, तर आकडा हलणारही नाही.

म्हणजे आपला तारा छोट्या माणसाला जास्त लागतो. हार्वर्डच्या मायकल लुका यांनी अमेरिकेतल्या सिअॅटलमधल्या रेस्तराँचा अभ्यास केला होता. येल्प या साइटवर एक स्टार वाढला की उत्पन्न पाच ते नऊ टक्के वाढतं, असं त्यात दिसलं. पण हा परिणाम स्वतंत्र, एकट्या रेस्तराँवर होता, नावाजलेल्या चेनवर नाही. चेनला नाव असतं. नागावच्या वाडीला फक्त तारे असतात.

भरतीला एक स्टार

किनाऱ्यावरचे रिव्ह्यू वाचायला बसा, तास कसा जाईल कळणार नाही. 'पाणी होतं, किल्ल्यात जाता आलं नाही,' म्हणून अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला कमी स्टार. अहो, ओहोटीलाच चालत जाता येतं तिथे! जुलैमध्ये 'ताजे मासे नाहीत' म्हणून खाणावळीला एक स्टार. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्याला खाणावळवाली मावशी काय करणार? वडखळच्या ट्रॅफिकचा राग रूमवर, नेटवर्क नसल्याचा राग जेवणावर.

उलटंही होतं. रिव्ह्यूला एक्स्पायरी डेट नसते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने मुरूड-श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. त्याआधीचे 'गर्द सावली' लिहिलेले रिव्ह्यू आणि त्यानंतरचे रिव्ह्यू एकाच सरासरीत मिसळलेले असतात. म्हणून आकड्याआधी तारीख बघा.

आणि ते 'पाच स्टार द्या ना, प्लीज'? मालक क्यूआर कोड घेऊन शेजारी उभा असताना चार द्यायची आपली हिंमत होत नाही. पुढे त्याच पाचवर विसंबून दुसरा कुणी बुकिंग करतो. विकत घेतलेले रिव्ह्यू तर वेगळेच. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 'आयएस १९०००:२०२२' हे मानक आणलं. विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, असं ते सांगतं. पण ते ऐच्छिक आहे. तेव्हा डोळे आपणच उघडे ठेवायचे.

पुढच्या ट्रिपला एवढं करा

- बुक करताना सरासरीसोबत किती जणांनी आणि कधी लिहिलंय ते बघा. दहा जणांचे ४.९ आणि हजार जणांचे ४.५ यांची तुलना होत नाही.
- तीन आणि चार स्टारवाले रिव्ह्यू आधी वाचा. खरी माहिती बहुतेकदा तिथेच सापडते.
- दुरुस्त होण्यासारखी गोष्ट असेल तर तिथेच तोंडाने सांगा.
- स्टार दिलात तर दोन ओळी लिहा. एक काय आवडलं, एक काय खटकलं.

मी काय केलं? काकूंना गिझरचं सांगितलं. "अगो, तेव्हाच सांगायचंस की!" एवढंच त्या म्हणाल्या. मग पडवीत बसून जुना रिव्ह्यू उघडला. अपराधी वाटत होतं म्हणून पाच दिले नाहीत, कारण तेही खोटंच झालं असतं. चार दिले आणि लिहिलं, 'कालवण अप्रतिम, तिखट कमी करू नका. गरम पाण्याचं मात्र बघा.'

रात्री जेवताना पहिल्याच घासाला नाकातून पाणी आलं. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आता बरोबर?"