थोरली पेढी आणि धाकटे दुकान

एखाद्या पेठेत एकच थोरली पेढी असावी आणि तिच्या शेजारीच कोणी लहानसे दुकान थाटावे, तर गिऱ्हाइकाने तिकडे का वळावे? माल स्वस्त देऊन म्हणावे, तर इंटरनेटवर पुष्कळसा माल मुळातच फुकट मिळतो. मग धाकट्याने टिकावे कसे? अमेरिकेतील डकडकगो या शोधयंत्राची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. नाव जरा पोरकट खरे. तिकडील मुलांच्या एका खेळावरून ते घेतले आहे.

गॅब्रिएल वाइनबर्ग यांनी ते २००८ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात एकट्याने सुरू केले. गूगलचा जम तेव्हा पुरता बसला होता. वाइनबर्ग यांनी गूगलहून हुशार यंत्र बनविण्याचा हट्ट धरला नाही, हेच त्यांचे शहाणपण. त्यांनी हेरली ती थोरल्या पेढीची अडचण. गूगलच्या जाहिरातींचा व्यवहार बराचसा माणसांच्या नोंदींवर उभा आहे: कोणी काय शोधले, काय पाहिले, कोठे गेला. डकडकगोने ठरविले की, कोणी ‘छत्री’ हा शब्द शोधला तर छत्रीची जाहिरात दाखवावी आणि तेथेच थांबावे. शोधणारा कोण, याची वही ठेवूच नये. शब्दावरून जाहिरात गूगलही लावते. परंतु त्या वह्या जाळून टाकणे तिला परवडणारे नाही. धाकट्याची जी प्रतिज्ञा, ती थोरल्याने उचलली तर त्याच्याच मिळकतीला कात्री लागते. नक्कल होत नाही ती या कारणाने. केवळ कौशल्याची नक्कल थोरली पेढी हां हां म्हणता करते.

२०१४ साली ॲपलने आपल्या सफारी ब्राउझरमध्ये डकडकगोचा पर्याय दिला. जानेवारी २०२१ मध्ये एका दिवसातील शोधांची संख्या प्रथमच १० कोटींवर गेली. गूगलच्या मानाने हा आकडा लहानच. पण धंदा चालण्यास पुरेसा.

तथापि या मार्गात दोन धोंडी आहेत. साऱ्या इंटरनेटची सूची करणे हे अफाट खर्चाचे काम. त्यामुळे डकडकगोचे निकाल मुख्यत्वे मायक्रोसॉफ्टच्या बिंगवरून येतात. मे २०२२ मध्ये असे उघड झाले की, डकडकगोचा ब्राउझर इतरांच्या माग काढणाऱ्या आज्ञावलींना अडवीत होता, पण करारामुळे मायक्रोसॉफ्टच्या काहींना वाट देत होता. गोपनीयतेच्या नावावर चालणाऱ्या दुकानाला ही गोष्ट फार लागली. ऑगस्टमध्ये ती सवलत बहुतांशी काढण्यात आली.

दुसरी धोंड माणसाच्या सवयीची. नव्या फोनमध्ये जे शोधयंत्र आधीच बसविलेले असते, तेच बहुतेक जण वापरतात. ती जागा मिळविण्यासाठी गूगलने एकट्या २०२१ साली २,६३० कोटी डॉलर मोजले, असे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. त्या खटल्यात वाइनबर्ग यांचीही साक्ष झाली. गूगलने आपली मक्तेदारी बेकायदेशीरपणे राखली, असा निर्णय न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी उपाय ठरविले: जागा एकट्यासाठी राखून घेणारे करार बंद, आणि शोधसूचीतील काही माहिती पात्र प्रतिस्पर्ध्यांना देणे गूगलला भाग. पैसे मोजून ती जागा मिळविण्यास मात्र त्यांनी सरसकट मनाई केली नाही.