टंचाईतून उमगलेले काम : हुबळी-धारवाडातील बासेल मिशनचा मागोवा

कमरीपेठ, घंटीकेरी अशा जुन्या वस्त्यांच्या हुबळीत १८३९ मध्ये आणि त्याआधी दोन वर्षे धारवाडात बासेल मिशनची ठाणी उभी राहिली. त्या वेळी हा मुलूख मुंबई इलाख्याच्या दक्षिण मराठा प्रांतात, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांकडे आलेल्या, बहुतांशी कन्नड बोलणाऱ्या प्रदेशात, मोडत होता. १८३३ च्या सनदी कायद्याने ब्रिटिशेतर मिशनऱ्यांना हिंदुस्थानचा मार्ग मोकळा केला आणि पुढच्याच वर्षी मंगळुरात पोचलेली ही माणसे तेथून घाट चढून वर आली.

१८१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात स्थापन झालेल्या या संस्थेचे बरेचसे मिशनरी जवळच्या व्युर्टेम्बेर्ग या जर्मन राज्यातील शेतकरी-कारागिरांच्या घरांतले होते. तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा जाणवलाच नाही, पिके बुडाली आणि त्या राज्यात उपासमार झाली. त्यामुळे कर्मकांडापेक्षा अंतःकरणातील भक्तीला आणि साध्या राहणीला मान देणारा पिएटिझम हा प्रॉटेस्टंट प्रवाह तेथे पोथीपुरता उरला नाही, तो पोटाशी येऊन भिडला. संस्थेचा पैसाही तसाच जमे : १८५५ पासून चालू झालेल्या वर्गणीत सामान्य देणगीदार आठवड्याला अर्धा बाट्झेन, म्हणजे अगदी किरकोळ नाणे, देत असे. लग्नासाठी मिशनऱ्याला बासेलच्या समितीची परवानगी लागे, आणि १८५३ च्या नियमानंतर मुले शाळेच्या वयाची झाली की त्यांना बासेलच्या बालगृहात धाडावे लागे. सहा-सात वर्षांच्या मुलाला बोटीवर चढवून परत धारवाडच्या कामाला लागणाऱ्या आईच्या श्रद्धेची कसोटी कोणत्याही प्रवचनापेक्षा कठोर होती. या नियमाला त्याग म्हणावे की निष्ठुरता, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

धर्मप्रसाराच्या ज्या हेतूने हे मिशनरी आले, त्यात त्यांना यश बेताचेच मिळाले. भविष्यकथनावर विश्वास ठेवणाऱ्या काळज्ञानी पंथातील लोक समूहाने ख्रिस्ती होतील या आशेने गदगजवळच्या मलसमुद्र येथे शेतीची वसाहत उभारण्यात आली, पण ती फसली. या निराशेनंतरच कामाचा रोख बदललेला दिसतो. सरकारी शाळांत मराठीचे वर्चस्व असताना मिशनने कन्नड शाळांवर भर दिला. १८५३ मध्ये आलेले फर्डिनंड किट्टेल बोलीभाषा, म्हणी आणि जुने काव्य गोळा करत राहिले आणि सुमारे ७०,००० शब्दांचा त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये मंगळुरात छापला गेला. धर्मप्रसारासाठी शिकलेली भाषा हेच त्यांचे जीवितकार्य झाले.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने धारवाड जिल्हा होरपळला आणि अनाथ मुलांना सांभाळण्याचे काम मिशनवर येऊन पडले. येथे एक भेद नोंदवणे आवश्यक आहे. मिशनऱ्याची गरिबी स्वीकारलेली होती आणि तिच्या पाठीशी बासेलची समिती उभी होती. अनाथ मुलाची गरिबी लादलेली होती आणि त्याच्या पाठीशी कोणीच नव्हते. भुकेच्या काळातील धर्मांतर कितपत स्वेच्छेचे, ही शंका म्हणूनच गैरवाजवी नाही. परंतु त्या मुलांना अन्न आणि अक्षर मिळाले, हेही खोटे नाही.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटताच जर्मन मिशनरी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांतील अनेकांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करून नंतर मायदेशी धाडण्यात आले, आणि कौले व विणकाम यांचे मिशनचे कारखाने १९१९ मध्ये कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. शाळा मात्र टिकल्या. धारवाडचे बासेल मिशन हायस्कूल आजही भरते आणि शहरात किट्टेल यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. ज्या बायकांनी दुष्काळातील मुले वाढवली, त्यांच्या नावाने तेथे काही असल्याचे ऐकिवात नाही.