नोटा कोरणारा आणि मातीची पुस्तके

हजरत नूह (अ.) यांच्या महापुराचा किस्सा आपल्या घरांतल्या लहानग्यांनाही ठाऊक असतो. इराकच्या जुन्या मातीच्या पाट्यांवरची महापुराची कहाणी अर्वाचीन काळात ज्याने प्रथम ओळखली, तो पदवीधर नव्हता. लंडनच्या जॉर्ज स्मिथची शाळा चौदाव्या वर्षी सुटली. तो एका छापखान्यात बँकेच्या नोटांचे ठसे कोरायला शिकू लागला आणि जेवणाच्या सुट्टीत ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसू लागला. मोसूलजवळच्या निनवेतून, म्हणजे हजरत यूनुस (अ.) यांचे मानले जाते त्या शहरातून, तिथे पाट्या आल्या होत्या. भाषा अक्कादी, लिपी खिळ्यांसारख्या खुणांची.

ही लिपी दमवते. अलिफ-बेसारखी अक्षरे नाहीत, चिन्हे शेकडो. एकच चिन्ह कुठे ‘अन’ हा उच्चार दाखवते, कुठे आभाळ, कुठे देव. संदर्भ पाहूनच वाचायचे. बारीक रेषांची सवय स्मिथच्या कामी आली असावी. पुढे म्युझियमनेच त्याला नोकरी दिली. 1872 मध्ये एका पाटीवर त्याला डोंगरावर थांबलेले जहाज आणि जमिनीच्या शोधात सोडलेला पक्षी सापडला. चारच वर्षांनी, छत्तिसाव्या वर्षी, मोहिमेवर असताना हलबजवळ आजारपणात तो वारला.

लिपी अवघड असली तरी भाषा आपल्याला अगदी परकी नाही. अक्कादी अरबीच्याच घराण्यातली. मौत म्हणजे मूतु, शम्स म्हणजे शमशु, लिसान म्हणजे लिशानु, उम्म म्हणजे उम्मु. त्या कहाणीत पुरातून वाचलेल्या माणसाचे नाव उतनपिश्तिम. त्यातला ‘नपिश्तिम’ म्हणजे जीव, आपल्या ‘नफ्स’चाच भाऊ. उर्दू शिकून उपयोग काय, असे पालक मला विचारतात. इतरांना घोकावे लागणारे असे कितीतरी शब्द उर्दूच्या मुलाला निम्मे ओळखीचे निघतात, हा एक उपयोग.

सुरुवात रोमन अक्षरांत लिहिलेल्या अक्कादीने करावी, चिन्हे थोडी थोडी घ्यावीत. ओल्या मातीवर आइस्क्रीमची काडी दाबली की खूण उमटते. मुलांना याची गंमत वाटते. 1921 साली शिकागो विद्यापीठाने हाती घेतलेला कोश 2011 मध्ये पुरा झाला. त्याचे सगळे खंड इंटरनेटवर मोफत आहेत, मात्र इंग्रजी लागते.

एकट्या ब्रिटिश म्युझियममध्ये लाखाहून अधिक पाट्या आणि तुकडे आहेत. त्यांतले कितीतरी अजून कुणी नीट वाचलेले नाहीत.