स्वस्त पोलाद आणि महाग सांधा

अग्निबाणाचा विषय निघाला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे ज्वाळा, धूर आणि उलटी मोजणी येते. वस्तुतः अग्निबाण म्हणजे बव्हंशी इंधनाची टाकी आणि टाकी म्हणजे एकमेकांना जोडलेले पत्रे. पत्रा गिरणीतून तपासून आलेला असतो. खरा धोका असतो तो दोन पत्र्यांमधल्या सांध्यात. अमेरिकेत टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला, बोका चिका येथे, ‘स्पेसएक्स’ कंपनीने २०१९ पासून स्टेनलेस स्टीलचे जे प्रचंड अग्निबाण बांधावयास घेतले, त्यांचा इतिहास हा पुष्कळ अंशी या सांध्याचाच इतिहास होय. तो जितका धातुशास्त्राचा, तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

पोलादी अग्निबाण ही काही नवी कल्पना नव्हे. १९५० नंतरच्या दशकात कॉनव्हेअर कंपनीतील कारेल बॉसार्ट या मूळच्या बेल्जियन अभियंत्याने ‘ॲटलास’ क्षेपणास्त्राच्या टाक्या स्टेनलेस स्टीलच्या केल्या. पत्रा इतका पातळ की त्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटर, पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी. आत वायूचा दाब नसेल तर टाकी स्वतःच्याच भाराने चेपली जाई. मे १९६३ मध्ये व्हॅन्डेनबर्ग तळावर दाब निघून गेल्याने उभा अग्निबाण खरोखरच कोसळला. एवढ्या पातळ पत्र्याला फार उष्णता देणे परवडणारे नव्हते. म्हणून पत्रे एकमेकांवर ठेवून, तांब्याच्या चाकांमध्ये दाबून, त्यांतून क्षणभर वीजप्रवाह सोडीत आणि सांधा आतल्या आत वितळवून घेत. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेस गेले ते अशाच सांध्यांच्या भरवशावर.

पुढे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा जमाना आला. १९९१ साली केंब्रिजजवळच्या ब्रिटिश वेल्डिंग संस्थेत एक नवी रीत निघाली. तीत धातू वितळवीत नाहीत. गरगर फिरणारी अणी सांध्यातून नेऊन तो कणकेसारखा मळतात. सांधा उत्तम होतो, परंतु यंत्रसामग्री अवजड व खर्चिक लागते, आणि पोलादासारख्या कठीण धातूवर ती अणीच लवकर झिजते.

स्पेसएक्सने आपला मोठा अग्निबाण प्रथम कार्बन तंतूंचा करावयाचे योजिले होते. तो बेत २०१८ च्या अखेरीस बदलला. कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी त्या वेळी दिलेला हिशेब मोठा बोलका आहे. कार्बन तंतूंचे कापड किलोमागे १३५ डॉलर. त्यातील सुमारे ३५ टक्के कापाकापीत वाया जाते, म्हणजे प्रत्यक्ष खर्च २०० डॉलरच्या घरात. पोलाद किलोमागे ३ डॉलर. शिवाय द्रवरूप प्राणवायूच्या कडाक्याच्या थंडीत हे पोलाद ठिसूळ न होता अधिकच बळकट होते आणि परतीच्या प्रवासातील उष्णतेतही तग धरते. वजनाचा तोटा त्यामुळे बराचसा भरून निघतो.

पण पत्रा स्वस्त झाला म्हणून सांधा स्वस्त होत नाही. स्टेनलेस स्टीलमधून उष्णता साध्या पोलादाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच वाहते आणि ते प्रसरण मात्र दीडपट पावते. साहजिकच उष्णता एका जागी साचते, पत्रा वाकतो, त्यावर वळ्या पडतात. दुसरी अडचण अधिक खोल आहे. अशा पत्र्याचे बळ थंड अवस्थेत रुळांखाली दाबून आणलेले असते; वेल्डिंगच्या आचेने सांध्यालगतच्या पट्ट्यात ते उतरते. त्यात समुद्रकिनाऱ्यावरचा वारा! वितळलेल्या धातूवर आर्गॉन वायूचे जे पांघरूण हवे, ते वाऱ्याच्या एका झोताने उडून जाते आणि सांध्यात सूक्ष्म छिद्रे राहतात.

आरंभी बोका चिका येथे हे काम चक्क उघड्यावर चाले आणि पाण्याच्या टाक्या बांधण्याचा अनुभव असलेल्यांची त्यात मदत होती. पहिला पूर्णाकृती नमुना २० नोव्हेंबर २०१९ रोजी दाबाच्या चाचणीत फुटला. मग कंपनीने शहाणपणा असा केला की, सबंध अग्निबाण फोडण्याऐवजी लहान टाक्या बांधून मुद्दाम फोडावयास सुरुवात केली. उड्डाणास ६ बार दाब पुरेसा होता. माणसे न्यावयाची तर १.४ पट सुरक्षिततेसाठी ८.५ बार हवा. जानेवारी २०२० मधील पहिली टाकी ७.१ बारला फुटली. दुसरी ७.५ बारला किंचित गळली, तेव्हा ती दुरुस्त केली, आणि अतिशीत द्रव भरून घेतलेल्या पुढच्या चाचणीत ती ८.५ बारपर्यंत गेली. फरक कशाने पडला? अधिक नेमके कापलेले भाग आणि वेल्डिंगसाठी बरी परिस्थिती यांवर मस्क यांचा भर होता. उघड्या मैदानाची जागा तंबूंनी आणि तंबूंची जागा बंदिस्त इमारतींनी घेतली. अनेक तुकडे जोडण्याऐवजी पत्र्याच्या गुंडाळीतून एकाच उभ्या सांध्याचे, ९ मीटर व्यासाचे कडे होऊ लागले. सांधा कमी करणे हाच सांध्याचा उत्तम उपाय, हे ओघानेच आले.

अपयश तरीही संपले नाही. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस आणखी एक नमुना तळाशी, इंजिनांचा रेटा जेथे येतो त्या भागाच्या सांध्यात गेला. मार्चमध्ये तेवढाच भाग असलेली टाकी चाचणीत उतरली. एप्रिलमधील कोसळणे मात्र सांध्याच्या माथी मारता येत नाही. ती चाचणीच्या मांडणीतील चूक होती. जूनमध्ये ३०४-एल जातीच्या पोलादाची टाकी ७.६ बारला फुटली नाही, नुसती गळली. घरातील चांगल्या प्रतीच्या भांड्यांचे पोलाद याच कुळातले; ‘एल’ म्हणजे त्यात कर्ब अत्यल्प, त्यामुळे सांध्यालगत गंजाला वाव कमी राहतो. फुटण्याऐवजी गळणे ही धातूची सभ्यताच म्हणावयाची.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे राइट आणि ॲरो यांची आठवण होईल. विमाने जसजशी अधिक बांधली जातात तसतसे दर विमानामागचे श्रम घटतात, हे राइटने १९३६ मध्ये दाखविले. करता करता शिकण्याला ॲरोने १९६२ मध्ये सिद्धांताचे रूप दिले. तीन डॉलरच्या पोलादाने कंपनीला खरोखर काय मिळवून दिले असेल, तर चुका करण्याची मुभा. दोनशे डॉलरच्या कापडावर इतक्या घाईने असा सराव करण्यास कोणी धजले नसते. अर्थात अपयश स्वस्त असते ते भांडवलवाल्याला. एप्रिल २०२३ च्या पहिल्या मोठ्या उड्डाणात तळाचे काँक्रीट उखडून परिसरात विखुरले, त्याची किंमत किलोच्या भावात बसत नाही. आणि वेल्डरच्या हाताने मिळविलेले ज्ञान जेव्हा फिरत्या पाटावर आणि यंत्राच्या मापात जाते, तेव्हा हिशेबाच्या वहीत ते कंपनीची मत्ता म्हणून नोंदले जाते, हेही विसरता येणार नाही.

टाक्या बांधणाऱ्या हातांनी अग्निबाण बांधावा, यात मराठी वाचकाला नवल वाटू नये. साखर कारखान्यांची यंत्रे बनविणाऱ्या पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने ‘इस्रो’च्या घन इंधनाच्या अग्निबाणांची आवरणे बनविली आहेत. ते पोलाद स्टेनलेस नव्हे, मॅरेजिंग जातीचे. त्याचा स्वभाव नेमका उलटा आहे: वेल्डिंग करताना ते मऊ असते आणि नंतर सुमारे ४८० अंश सेल्सियसला तापवून ठेवले की पत्र्याबरोबर सांध्यालाही बळ येते. परंतु त्यात १८ टक्के निकेल आणि शिवाय कोबाल्ट पडते. असले आवरण शिकण्यासाठी म्हणून फोडावयाचे, ही चैन सरकारी तिजोरीला झेपणारी नाही. म्हणून तेथे सांधा पहिल्याच खेपेस साधावा लागतो.