कानातला रातकिडा

2023 च्या अनंत चतुर्दशीला टिळक रोडवर स्पीकरच्या भिंतीसमोर मी दीड तास नाचले. घरी आले तर कानात रातकिडा ओरडत होता. झोपले की जाईल, असं वाटलं. तो अजून तिथेच आहे. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात, आई म्हणते, ‘अजून नाच!’

आतल्या कानात केसांसारखे तंतू असलेल्या नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. म्हणजे उरलंय ते जपायचं. मग मी काय केलं? फोमचे इअरप्लग आणले आणि दिवसभर घालून बसले. ऑफिसात, बसमध्ये, चक्क झोपतानाही! महिन्याभरात रातकिडा डबल जोरात, आणि कुकरची शिट्टी बॉम्बसारखी वाटायला लागली.

ऑडिओलॉजिस्ट मॅडम रीतसर ओरडल्या. ‘अगं, शांततेत प्लग घातलेस तर ऐकायला तुझा तो रातकिडाच उरणार ना?’ शिवाय कान सतत झाकले की मेंदू साध्या आवाजालाही दचकायला लागतो. प्लग फक्त गोंगाटात. रात्री उलट पंखा किंवा मंद रेडिओ चालू ठेवायचा.

गोंगाट म्हणजे किती? 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास चालतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. 88 ला चार तास, 91 ला दोन आणि 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. मी दीड तास नाचले होते! मोबाइलवरचं डेसिबल अ‍ॅप अंदाजापुरतं ठीक आहे. माझी कसोटी सोपी: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं की प्लग बाहेर काढायचे. दोन मिनिटांच्या मिक्सरला गरज नाही.

कापसाचे बोळे विसरा, त्यांनी फारसं काही अडत नाही. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवला तर उपयोग शून्य. गाण्याच्या कार्यक्रमाला संगीतकारांचे प्लग घ्या, थोडे महाग पडतात, पण गाणं गोधडीतून आल्यासारखं ऐकू येत नाही. कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन टिनिटस असूनही कान जपून गातोच आहे, 2025 च्या जानेवारीत नवी मुंबईतही गाऊन गेला.

(आवाज एकाच कानात असेल, नाडीसारखा ठोके देत असेल किंवा अचानक ऐकू येणं कमी झालं असेल, तर प्लगबिग राहू दे, आधी डॉक्टर गाठा.)

2024 ला मी पुन्हा मिरवणुकीला गेले. स्पीकरच्या भिंतीपासून लांब, ढोल-ताशाच्या बाजूला, कानात प्लग. ढोल छातीत वाजतोच, त्याला कान लागत नाहीत. तासाभराने गल्लीत शिरून कानांना ब्रेक दिला. ग्रुपमधल्यांनी ‘आजीबाई’ म्हणून यथेच्छ चिडवलं. रात्री अकराला त्यातल्याच एकाने हळूच विचारलं, ‘एक्स्ट्रा जोडी आहे का गं?’