ओळखीचं नाव, अनोळखी दुकान

पार्ले कंपनी 1929 साली विलेपार्ल्यात सुरू झाली आणि तिची बिस्किटं चहात बुडवत तीन-चार पिढ्या मोठ्या झाल्या. लक्स, कोलगेट, निरमा ही नावंही तशीच घरातली. कॉलेज संपवून एखादी मुलगी अशा कंपनीच्या विक्री विभागात लागली, तर तिच्या आजीला काही समजावून सांगावं लागत नाही. पेढे देतानाच कंपनीचं नाव कौतुकानं सांगितलं जातं. त्यानंतरचं वर्षभर मात्र ही मुलगी तालुक्याच्या बाजारपेठेत किराणा दुकानांच्या पायऱ्या चढत असते. कंपनीचं नाव तिथं तिच्या किती उपयोगी पडतं आणि कुठे पडत नाही, हे नोकरीआधी फारसं कुणी सांगत नाही.

आधी माल कसा सरकतो ते पाहू. कारखान्यातून तो कंपनीच्या डेपोत येतो, डेपोतून त्या भागातल्या वितरकाच्या, म्हणजे एजन्सीवाल्याच्या गोदामात, आणि तिथून टेम्पोनं दुकानांत. कंपनीनं वितरकाला विकलेला माल ही प्रायमरी विक्री, वितरकानं दुकानदाराला विकलेला माल ही सेकंडरी. वितरकाचा सेल्समन रोज एक ठरलेली लाइन करतो: सोमवारी स्टेशन रोड, मंगळवारी बाजारपेठ, बुधवारी आसपासची खेडी. नवी अधिकारी पहिले काही आठवडे त्याच्याबरोबर फिरते. ऑर्डर तो लिहितो, तिनं डोळे उघडे ठेवायचे असतात. जुन्या तारखेचा माल पुढे आहे की मागे, शाम्पूच्या पुड्यांची माळ गिऱ्हाइकाच्या हाताला येते का, पाच रुपयांचं पाकीट संपलंय आणि दहाचं तसंच पडून आहे का.

पहिला धक्का बसतो तो याच पायरीवर. तिला वाटतं, एवढं मोठं नाव, दुकानदार मान देईल. दुकानदाराला ते नाव तिच्याआधीपासून माहीत असतं. गिऱ्हाईक येऊन तोच साबण मागतं म्हणून तो ठेवतो. नामांकित मालावर त्याला सुटतं कमी. अनोळखी कंपन्या त्याहून जास्त मार्जिन देतात. तरीही नामांकित माल भराभर उठतो, गुंतवलेले पैसे लवकर फिरतात, म्हणून तो त्याला परवडतो. यात नव्या अधिकाऱ्याचं काम कुठेच नाही. म्हणून मान द्यायच्या आधी तो विचारतो, “ताई, उंदरांनी कुरतडलेली पाकिटं दोन महिने झाले ठेवलीत, ती कधी नेणार? मागच्या स्कीमचे पैसे अजून मिळाले नाहीत, त्याचं काय?” कंपनीचं नाव तिला गल्ल्यापर्यंत नेऊन पोचवतं. या दोन प्रश्नांची उत्तरं तिला स्वतः द्यावी लागतात, आणि माझ्या मते तिच्या कारकिर्दीची सुरुवात खऱ्या अर्थानं तिथं होते.

दुसरी परीक्षा महिनाअखेरीस. बऱ्याच कंपन्या टार्गेट मोजतात ते प्रायमरीवर. दुकानांत माल उठला नसला तरी वितरकाच्या गोदामात भरला की आकडा पूर्ण. तीस तारखेला वरून फोन येतो आणि वितरकाला “एवढा उचलाच” म्हणायची वेळ तिच्यावर येते. तिनं त्याआधी एक हिशोब मांडून पाहावा. समजा वितरकाची महिन्याची विक्री 20 लाख आणि मार्जिन 5 टक्के, म्हणजे 1 लाख रुपये. सेल्समनचे पगार, टेम्पो, गोदामभाडं असा खर्च 64 हजार. हातात राहिले 36 हजार. त्याचे पैसे अडकलेत ते असे: गोदामातला माल 10 लाख, बाजारातली उधारी 6 लाख, कंपनीकडून येणे असलेले क्लेम 2 लाख, एकूण 18 लाख. म्हणजे महिन्याला 2 टक्के सुटले. आता टार्गेटसाठी 6 लाखांचा जादा माल त्याच्या गळ्यात मारला. विक्री तेवढीच राहिली, गुंतवणूक झाली 24 लाख, परतावा दीड टक्क्यावर आला. त्यात व्याजानं पैसे काढले असतील तर ते वेगळेच. पुढच्या महिन्यात हा माणूस ऑर्डर कमी देतो आणि आकडा पुन्हा पडतो. ज्या मुलीनं हा हिशोब कागदावर मांडून वरिष्ठांना दाखवला, ती कदाचित त्या महिन्यात बोलणी खाईल. पण वितरक पुढे तिचा फोन उचलेल. मला हे मोठं काम वाटतं, आणि ते बावीस-तेविसाव्या वर्षी जमू शकतं.

तिसरी गोष्ट कुठल्याच वर्गात शिकवली जात नाही. टार्गेट मागच्या आकड्यात काही टक्के मिळवून ठरतं. पण बाजार माणसांच्या हालचालीवर चालतो. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या भागांतून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड कामगारांची कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात आणि गाळप संपेपर्यंत तिकडेच राहतात. त्यांच्याबरोबर छोटी पाकिटं आणि पुड्या घेणारं गिऱ्हाईकही जातं. इकडे खेड्यातलं दुकान थंड पडतं, तिकडे कारखान्याजवळच्या टपरीत तोच माल पुरत नाही. कोकणात याच्या उलट: गणपतीला चाकरमानी गावी आले की भाद्रपदात मागणी चढते. पण माल त्याआधी, ऐन पावसात दुकानात पोचवावा लागतो, आणि ओल लागली की बिस्किटं मऊ पडतात. “आकडा का पडला?” या प्रश्नाला “माणसं तोडीवर गेलीत, नोव्हेंबरपासून कारखान्याच्या लाइनीला जादा माल द्या” असं उत्तर देणारी अधिकारी सगळ्या विभागाच्या उपयोगाची ठरते.

कंपन्यांनाही हे कळलेलं आहे. हिंदुस्थान लिव्हरनं 1976 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात ग्रामविकासाचं काम हाती घेतलं, आणि नव्या व्यवस्थापकांना काही आठवडे खेड्यात राहायला पाठवायची तिथली पद्धत पुढे प्रसिद्ध झाली. पाचशे रुपयांची खरेदी कोण करतं आणि पाच रुपयांची कोण, हे तक्त्यात दिसतं. पाच रुपयेही आज का नाहीत, हे शेजारी राहिल्यावरच कळतं.

आणि नावच नसेल तर? करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये अहमदाबादेत निरमा पावडर बनवली, ती सरकारी नोकरी सांभाळून. सायकलवर पुड्या लादून ते घरोघर विकत. दार उघडणाऱ्या बाईला ते नाव ऐकूनही माहीत नव्हतं. किंमत, धुतलेला कपडा आणि पुन्हा त्याच दारात येणारा माणूस, एवढ्यावर विश्वास ठेवायचा होता. आज ज्यांच्या जोरावर नवी मुलं दुकानात शिरतात ती नावं कुणीतरी अशीच उभी केलेली असतात. म्हणून कुरतडलेल्या पाकिटांचा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. तो टाळला की कुणाच्या तरी कष्टाची पत खर्ची पडते.

दोन-तीन वर्षांनी बदली होते. निघताना एक काम कटाक्षानं करावं. कोणत्या दुकानाला कुठली स्कीम कबूल केली, कोणाचा किती डॅमेज उचलायचा राहिला, कोणत्या वितरकाचे किती क्लेम वर अडकलेत, याची तारीखवार यादी करावी आणि ती नव्या माणसाला नुसती मेल न करता त्याला बरोबर घेऊन दुकानादुकानांत जावं. दुकानदारासमोर, त्याच्या वहीशी ताडून, एकेक नोंद नव्या माणसाच्या नावावर करावी. जी नोंद जुळणार नाही, तिचा निकाल त्याच भेटीत लावावा.