गर्भाशयमुखाचा कर्करोग : विषाणू वेळ देतो, तो दवडू नका

नाटे बंदरातली पुरुषमंडळी मासेमारीसाठी समुद्रावर, नाहीतर नोकरीनिमित्त मुंबईत वा आखातात असतात. घर सांभाळताना आपल्या माता-भगिनी दुखणे अंगावर काढतात. ते गर्भाशयमुखाचे असेल तर हयेपोटी ओठावरही येत नाही. हा कर्करोग सुरू कसा होतो हे कळले, तर अबोला किती महाग पडतो ते ध्यानात येईल.

जवळजवळ प्रत्येक रुग्णात याच्या मुळाशी एचपीव्ही विषाणू असतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीतली सगळी जनुके एकाच वेळी काम करत नाहीत. काही चालू, काही बंद असतात. 'आरबी' नावाचे प्रथिन विभाजनाच्या जनुकांना आवर घालते. 'पी-५३' हे दुसरे प्रथिन राखणदार आहे. पेशी बिघडली की ते तिला थांबवते किंवा नष्ट व्हायला लावते. विषाणूचे 'ई-७' प्रथिन आरबीला निकामी करते, त्यामुळे विभाजनाची जनुके चालूच राहतात. 'ई-६' हे पी-५३ चा नाश घडवून आणते. लगाम सुटला, राखणदारही गेला! मग बिघडलेल्या पेशी वाढत जातात.

पण हे एका रात्रीत होत नाही. बहुतेक स्त्रियांचे शरीर एक-दोन वर्षांत या विषाणूला हटवते. तो टिकून राहिला तरी कर्करोग व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. म्हणूनच आज आढळलेला विषाणू केव्हा, कोणाकडून आला हे सांगता येत नाही. त्यावरून पत्नीवर किंवा पतीवर तोहमत घेणे हा अन्याय आहे.

या मधल्या वर्षांचा उपयोग होतो, हे आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, खेड्यापाड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. आठ वर्षांनी पाहिले, तर ज्या गटात एचपीव्हीची एकच तपासणी आणि गरजेप्रमाणे उपचार झाले, तिथे या रोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक भगिनीने सरकारी आरोग्य केंद्रात गर्भाशयमुखाच्या तपासणीची चौकशी करावी. स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका हवी, असे मोकळेपणाने सांगावे. पाळी थांबल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेले, दुर्गंधीयुक्त स्राव राहिला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीविषयीही विचारावे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही देशी लस उपलब्ध आहे. लस घेतली तरी पुढे तपासणी चुकवू नये.

आणि भावांनो, पुढच्या वेळी घरी फोन कराल तेव्हा मुलांच्या अभ्यासाबरोबर हेही विचारा : "तुझी तपासणी झाली का?"